‘द नोटबुक’ : प्रथम प्रेम आणि विस्मरण

निकोलस स्पार्क्स यांच्या १९९६ मधील कादंबरीवर आधारित, निक कॅसाव्हेटिस दिग्दर्शित ‘द नोटबुक’ (२००४) हा चित्रपट १९४० च्या साउथ कॅरोलिनातील नोआ व ॲली यांच्या प्रथम प्रेमाची कथा सांगतो. वर्गसंघर्षाचे चित्रण येथे उथळ आहे; ॲलीच्या आईने नोआची ३६५ पत्रे दडवणे ही कथानकाची सोय ठरते. तत्कालीन वर्णविभाजनाचा प्रश्नही उपस्थित होत नाही. चित्रपटाचे खरे सामर्थ्य वार्धक्याच्या चौकटीत आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या ॲलीला नोआ तिनेच लिहिलेली वही वाचून दाखवतो. ओळख पटते ती क्षणभरच. म्हणूनच या प्रेमाचे चिरंतनत्व स्मृतीत नसून, विस्मरण अटळ असताना पुन्हा वाचत राहण्याच्या निष्ठेत आहे.