आषाढीची हातगाडी आणि समतेचा हिशेब

आषाढ लागला की आपल्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांना वारीचे भरते येते. टाळ-मृदंग, तुळशीवृंदावन, रिंगण यांच्या जोडीला अलीकडे त्यात वारीतल्या खाण्याचीही भर पडली आहे. वाटेवरचे पिठले-भाकरी-ठेचा, एकादशीची खिचडी, द्वादशीचे पारणे यांची रसाळ वर्णने येतात आणि शेवटी ठरलेला निष्कर्ष येतो: येथे जात उरत नाही, सारे एकाच पातेल्यातले खातात. हे विधान इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. म्हणूनच ते तपासले पाहिजे, आणि त्याची सुरुवात गाभाऱ्यापासून न करता रस्त्यावरच्या हातगाडीपासून केली पाहिजे.

एकादशीच्या दिवशी पंढरपुरात स्टेशन रस्त्यापासून प्रदक्षिणा मार्गापर्यंत आणि चंद्रभागेच्या वाळवंटात गाड्यांवर काय असते? साबुदाण्याची खिचडी व वडे, भगर आणि दाण्यांची आमटी, उकडलेली रताळी, बटाट्याचा चिवडा, शेंगदाण्याचे व राजगिऱ्याचे लाडू, केळी. कांदा-लसूण नाही, तो दोनच दिवस आधी, कांदेनवमीला, भजी-थालीपिठांतून पोटभर खाऊन चातुर्मासापुरता निरोप दिलेला असतो. ही यादी 'सनातन' आहे, 'शास्त्रोक्त' आहे, असा सर्वसाधारण समज आहे.

इतिहास काय सांगतो? बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची ही सारी अमेरिका खंडातली पिके. १४९२ नंतर युरोपीयांनी ती जगभर नेली आणि आपल्याकडे ती प्रामुख्याने पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरली. साबुदाणा मूळचा मलायाकडच्या एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्याचा. आज आपण खातो तो टॅपिओकाच्या कंदाचा, आणि तो कंदही दक्षिण अमेरिकेतलाच. तमिळनाडूतल्या सेलमकडे त्याचे कारखाने उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, परदेशी माल येणे थांबले तेव्हा. ज्ञानेश्वर, नामदेव, चोखामेळा यांनी शेंगदाण्याचे कूट घातलेली, मिरचीची फोडणी दिलेली साबुदाण्याची खिचडी पाहिलेलीही नाही. गाडीवर अस्सल इथली म्हणावी अशी भगर आहे. ती ज्या वरईची, ती सह्याद्रीच्या उतारावर आदिवासी पिकवत आला आहे.

याचा अर्थ एवढाच की पावित्र्याची यादी माणसांनी केली आणि माणसांनीच ती वेळोवेळी बदलली. सातासमुद्रापलीकडून आलेल्या कंदाला कोणी गोत्र विचारले नाही. तो आला, रुजला, उपवासाच्या ताटात बसला. ज्या धर्माला परके कंदमूळ इतक्या सहज पचले, त्याला आपल्याच गावकुसाबाहेरचा माणूस शतकानुशतके पचला नाही. चोखामेळा १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून तिच्याखाली गेला. त्याची समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. अस्पृश्यांना विठ्ठलमंदिराचे दार उघडले ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यावर. बटाटा फराळाच्या ताटात गेला तेव्हा कोणाला उपोषण करावे लागल्याची नोंद नाही.

आता 'एकाच पातेल्या'कडे वळू. हातगाडीवाला गिऱ्हाइकाला जात विचारत नाही, हे खरे. पण ती समता नाण्याची आहे आणि गर्दीची आहे. लाखोंच्या यात्रेत कोण कोणाचा हे कळत नाही, म्हणून द्रोण सर्वांच्या हाती सारखा पडतो. जेथे कळते तेथे काय होते? इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात आपल्या दिंडीचे चित्र प्रामाणिकपणे रेखाटले आहे. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत. ही स्पृश्यांतली स्थिती. पलीकडच्यांची काय असेल याची कल्पना करावी. गाडी आणि पंगत यांतला हा फरक वारीवर लिहिणारे सोयीस्करपणे पुसून टाकतात. विकत घेतलेले अन्न माणसाला गिऱ्हाईक बनवते. पंगत त्याला सोयरा बनवते, म्हणून जातीने पंगतच राखून ठेवली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. वारकऱ्यांत काला आहे. पौर्णिमेला गोपाळपुरात दही-लाह्यांचा काला होतो, एकमेकांच्या तोंडी घास दिला जातो. विठ्ठल चोखोबाच्या घरी जेवल्याची कथाही याच परंपरेने जपली. हे स्वप्न मोठे आहे आणि ते पाहणाऱ्या कष्टकऱ्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. पण त्या कथेचा शेवटही वाचावा: देव जेवून उठतो, आणि मार खातो चोखोबा. देवाने पंगत मोडली तरी बडव्यांनी ती मोडू दिली नाही. काला वर्षातून एकदा; उरलेले दिवस गावाचे.

या साऱ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: शाकाहाराने माणूस शुद्ध होतो आणि शुद्ध झाला की वर चढतो. तिला खोटे पाडणारा पुरावा पंढरपुरातच आहे. गळ्यात माळ घालून मांस सोडलेले महार वारकरी पिढ्यान् पिढ्या या वाटेने चालत आले. त्यांच्या ताटात काय नव्हते याची दखल मंदिराने घेतली नाही. ते कोणाच्या पोटी जन्मले याचीच घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा ग्रंथ लिहिला. पराभूत, विखुरलेले बौद्ध लोक गोमांस खात राहिले आणि म्हणून अस्पृश्य ठरले, अशी त्याची मांडणी. तो ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. ताटावरून माणसाला बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेचा शोध घेताना त्यांना पायरीवरचा चोखोबा आठवला, ही गोष्ट साधी नाही. १९२७ साली महाडला त्यांनी मृतमांस सोडण्यास सांगितले ते स्वाभिमानासाठी. वरच्यांच्या पंगतीत जागा मिळावी म्हणून नव्हे.

हा वाद जुना झाला असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात शाळेतल्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडे आले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला; हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे सांगण्यात आले. अंडे ज्यांच्या घरी सहज मिळते त्यांचे यात काही गेले नाही. ज्या पोराचे प्रथिन त्या एका अंड्यात होते त्याचे गेले. उपवास स्वतःच्या पोटाचा असतो तोवर तो व्रत आहे. दुसऱ्याच्या पोटावर लादला की ती सत्ता होते.

एक प्रश्न आपल्या साहित्यालाही विचारला पाहिजे. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) दलित आत्मकथनांनी भूक आणि बलुत्याचे शिळे तुकडे मराठीत आणले. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने (२०१५) मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे अन्न पाककृतींसह नोंदवले आणि 'मराठी खाद्यसंस्कृती' या शब्दातली चलाखी उघडी केली. पण आपल्यातल्या माळकरी आयाबायांची एकादशी आपण फारशी लिहिलेली नाही. यात्रा पांगल्यावर वाळवंटात उरलेल्या पत्रावळी, द्रोण आणि घाण यांच्याविषयीही आपण थोडेच लिहिले. तो मैला हातांनी उचलायला लावला जातो, हा प्रश्न जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. ते हात कोणत्या जातीचे, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको.

तेव्हा वारीतल्या खाण्यावर लिहिणाऱ्यांनी चव जरूर लिहावी. खिचडी चांगली असते. पण त्याबरोबर एवढे तपासावे: रांधले कोणी, पंगतीत शेजारी कोण बसले, आणि उष्टे काढायला कोण आले. ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय 'येथे जात उरत नाही' हे वाक्य लिहिण्याचा अधिकार कोणालाही नाही.