जुन्या माउंटन बाइक : नवल कशाचे करायचे?

जुन्या माउंटन बाइक जमवणारे हौशी लोक आता अनेक देशांत आहेत. १९७६ नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांतल्या या सायकली मिळवायच्या, घासूनपुसून पुन्हा उभ्या करायच्या आणि त्यांच्या विचित्र चौकटींचे तोंड भरून कौतुक करायचे, असा त्यांचा छंद. आम्हांलाही या सायकली आवडतात. पण प्रत्येक विचित्र आकाराला सरसकट ‘कल्पकता’ म्हणणे आम्हांला पटत नाही. काही आकार गरजेतून आले, काही दुकानात उठून दिसावेत म्हणून टिकले. त्यांतला फरक ओळखायला शाळेतले भौतिकशास्त्र बरेचसे पुरते.

सुरुवात झाली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात. फेअरफॅक्स गावाजवळ डोंगरातून जाणाऱ्या एका कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी उतारावरची शर्यत लावली. अंतर सुमारे ३.४ किलोमीटर, उतरण सुमारे ४०० मीटर. सायकली होत्या १९३०-४०च्या सुमारच्या, जाड टायरच्या, बऱ्याचशा श्विन कंपनीच्या. त्यांतल्या अनेकांना ब्रेक एकच : पेडल उलटे दाबले की मागच्या हबच्या आत लागणारा.

आता जरा हिशेब करू. सायकल आणि स्वार मिळून ९० किलोग्रॅम धरले, तर खाली येताना स्थितिज ऊर्जा घटते ९० × ९.८ × ४००, म्हणजे सुमारे साडेतीन लाख ज्यूल. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. यातली बरीचशी हवेच्या आणि मातीच्या विरोधात खर्च होते हे खरे. तरी समजा, एक लाख ज्यूल हबमध्ये उतरले आणि हब एक किलो पोलादाचा आहे. पोलादाची विशिष्ट उष्मा सुमारे ५०० ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश. म्हणजे तापमान २०० अंशांनी वाढणार! (वाटेत निसटलेली उष्णता तेवढी वजा करावी.) हबमधल्या ग्रीसचा अक्षरशः धूर होई. मग हब उघडून त्यात नवे ग्रीस भरायचे, म्हणजे इंग्रजीत ‘रीपॅक’ करायचे. शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. पुढे या सायकलींना मोटारसायकलचे ब्रेक-लिव्हर आणि रिमवर दाबणारे ब्रेक आले, ते शोभेसाठी नव्हे.

जो ब्रीझ याने १९७७ साली खास या कामासाठी चौकट घडवली. तशा दहा सायकली त्याने केल्या. पहिली ‘ब्रीझर’ आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. हँडलखालच्या नळीचा तिरपा कोन त्याने जुन्या श्विनवरून घेतला, आणि आमच्या मते त्याची खरी हुशारी इथेच आहे. पुढचे चाक पुढे सरकलेले आणि दोन चाकांतले अंतर जास्त असले, की उतारावर सायकल स्थिर राहते. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा चिमटाही असाच पुढे झुकलेला असतो. मुलांना शाळेच्या स्टँडवर नेऊन कोनमापकाने दोन-चार सायकलींचे कोन मोजायला जरूर सांगावे.

कौतुक मात्र होते ते ब्रीझरच्या दोन जादा बारीक नळ्यांचे. हँडलपासून सीटच्या नळीला दोन्ही बाजूंनी बिलगून त्या थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत जातात. दिसतात देखण्या. पण पातळ भिंतीच्या नळीचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, वजन मात्र व्यासाच्याच प्रमाणात. व्यास सव्वापट केला तर वजन सव्वापट आणि ताठपणा जवळजवळ दुप्पट. चौकट ताठ करायला दोन बारीक नळ्या जोडण्यापेक्षा मुख्य नळी जाड करणे शहाणपणाचे. पुढच्या बहुतेक सायकलींत या जादा नळ्या दिसत नाहीत, यात नवल नाही.

१९९०च्या आसपासची एक तऱ्हा आम्हांला अधिक खटकते. क्रँकपासून मागच्या आसाकडे जाणारी आडवी नळी उचलून चेनच्या वर नेलेली. चेन आणि नळी यांच्यामध्ये चिखल अडकून चेन रुतते, ती अडचण यात टळते. हा फायदा खरा आहे. पण त्यासाठी मागचा त्रिकोण क्रँकपासून तोडला. तीन पट्ट्यांचा त्रिकोण खिळ्यांनी जोडला तरी वाकडा होत नाही, चौकोन होतो, हा प्रयोग सातवीतला मुलगाही करतो. इथे पायाचा सगळा जोर जिथे पडतो, नेमका तोच भाग लोंबकळत ठेवला. मग ताठपणा भरून काढायला नळ्या जाड करा आणि वजन वाढवा. काही वर्षांतच ही पद्धत मागे पडली, तरी संग्राहकांच्या प्रेमात ती अजून वरच्या जागी आहे.

याउलट ‘स्लिंगशॉट’ ही सायकल थट्टेचा विषय होते. तिच्या चौकटीत खालची तिरपी नळीच नाही. त्या जागी एक तार आणि स्प्रिंग, आणि वरच्या नळीत वाकू शकणारी पट्टी. पण विचार करा : स्वार बसला की खालच्या नळीवर मुख्यतः ताणच येतो, आणि ताण सोसायला तार पुरते. पुढचा ब्रेक करकचून दाबला की मात्र बल उलटते. म्हणून ती तार आधीपासूनच ताणून ठेवावी लागते.