दोनशे शब्दांची वाहवा

संगणकाकडून गद्य लिहवून घेण्याच्या खटपटीत असलेल्या संशोधकांचे एक मंडळ आहे. संगणकीय भाषाविज्ञानाची जी आंतरराष्ट्रीय संस्था १९६२ साली निघाली, तिच्याच छत्राखालचे. ‘सिगजेन’ हे त्याचे सुटसुटीत नाव. पदाधिकारी निवडावे, परिषद भरवावी, आलेले निबंध पारखून घ्यावे, असा त्याचा संसार. ज्यांनी साहित्यसंमेलनाचे मांडव घातले आहेत, त्यांना त्यातले कष्ट सांगावयास नकोत. पण मांडव घालावयाचा तो कशासाठी?

माझ्या मते या मंडळाची खरी कमाई एका निबंधात आहे. २०२० ची परिषद डब्लिनला भरावयाची होती. महामारीमुळे सर्वांनी ती घरी बसूनच केली. तीत काही संशोधकांनी आपल्याच बिरादरीची वीस वर्षांची दप्तरे उघडली. यंत्राचा मजकूर माणसांना दाखवून त्यांचे मत घेतलेले १६५ निबंध त्यांनी तपासले. निघाले काय? मजकुराचा गुण सांगण्यासाठी दोनशेंहून अधिक निरनिराळे शब्द! एकाच शब्दाखाली अनेक गुण, एकाच गुणाला अनेक नावे. आणि शब्दाचा अर्थ सांगण्याची तसदी पुष्कळांनी घेतलेलीच नाही. घरच्या माणसांनी घरचे फडताळ पाहुण्यांदेखत उघडावे, याला धैर्य लागते.

एवढ्याने काय बिघडते, असे कुणी विचारील. ॲबर्डीनच्या संशोधकांनी समुद्रातील तेलविहिरींसाठी हवामानाचे अंदाज लिहिणारे यंत्र तयार केले. तज्ज्ञांचे जुने अंदाज त्यांनी आकड्यांशी ताडून पाहिले, तो ‘संध्याकाळपर्यंत’ म्हणजे एकाच्या लेखी सायंकाळचे सहा, तर दुसऱ्याच्या लेखी मध्यरात्र! यंत्राने एक शब्द एकाच अर्थाने वापरला, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार वाचणाऱ्यांना काही बाबतींत यंत्राचाच मजकूर अधिक पटला. समुद्रावरच्या माणसाला शैलीचे काय कौतुक? वारा केव्हा वाढेल, ते त्याला हवे.

आता आपली पुस्तकपरीक्षणे पाहा. ‘ओघवती’, ‘प्रत्ययकारी’, ‘वास्तवदर्शी’ ही नाणी इतकी हाताळली गेली आहेत की त्यांवरचा छाप पुसला आहे. माझ्या एका कादंबरीला दोघा परीक्षकांनी ‘प्रत्ययकारी’ म्हटले; त्यांची कारणे वाचून, दोघांनी दोन निराळी पुस्तके वाचली असावीत, असा मला संशय आला. वर्गात मी वहीवर ‘भाषा चांगली’ असा शेरा दिला, की एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारतोच, “गुरुजी, चांगली म्हणजे कशी?” आमच्या समीक्षकांना असे कुणी विचारीत नाही.

म्हणून दोनशे शब्दांचे पाच करा, असे मात्र मी म्हणणार नाही. ‘ओघवती’ आणि ‘प्रासादिक’ यांतला भेद ज्याला कळतो, त्याच्यासाठी दोन्ही शब्द हवेत. हवामानाचा अंदाज आणि कथा यांना एकच गज लावणे हा अरसिकपणाच होय. मागणे एवढेच की, शब्द वापरणाऱ्याने त्याचा अर्थ पुस्तकातील एखाद्या जागेवर बोट ठेवून दाखवावा.

त्या संशोधकांनी पुढचे पाऊलही टाकले. जुन्या परीक्षा नव्याने घेऊन निकाल जुळतो का ते पाहावे, असे आवाहन झाले आणि त्याचे फलित २०२१ च्या परिषदेत मांडले गेले. मोजकीच पथके पुढे आली. दुसऱ्याने तपासलेली उत्तरपत्रिका पुन्हा तपासावयास कोण राजी होतो? आकडे पहिल्याशी तंतोतंत जुळले नाहीत. ते तसेच छापले गेले.