‘अंशशोधन’ : एका पारिभाषिक संज्ञेची चिकित्सा

मापनयंत्राची अचूकता तपासण्याच्या क्रियेस जळगाव-धुळ्याच्या कारखान्यांत ‘कॅलिब्रेशन’ असेच म्हणतात. तिच्यासाठी परिभाषाकारांनी ‘अंशशोधन’ ही संज्ञा योजिली असून प्रयोगशाळांना अधिस्वीकृती देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या हिंदी नावातही ती आढळते. संज्ञा आटोपशीर आहे, यात शंका नाही. परंतु ती भलत्याच क्रियेचा बोध करून देते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘शुध्’ धातूपासून आलेल्या ‘शोध’ या शब्दास मराठीत ठाव घेण्याचा अर्थ प्राप्त झाला. ‘शोधन’ मात्र शुद्धीच्या मूळ अर्थालाच धरून राहिले. जलशोधन, मुद्रितशोधन ही उदाहरणे पुरेशी आहेत. ‘संशोधन’ हा अपवाद खरा. पण तेथे उपसर्गासह संपूर्ण शब्दच नव्या अर्थाने रूढ झाला आहे. तेव्हा ‘अंशशोधन’ ऐकणारा ‘यंत्रावरील अंश दुरुस्त केले’ असेच समजणार.

वस्तुस्थिती निराळी आहे. मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहाच्या २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत कॅलिब्रेशन, यंत्राची जुळवणी आणि पडताळणी यांची गल्लत करू नये, असे स्पष्ट बजावले आहे. कॅलिब्रेशनमध्ये यंत्राचे वाचन ज्ञात प्रमाणाशी ताडून दोहोंतील संबंध अनिश्चिततेसह नोंदविला जातो. यंत्र होते तसेच राहते.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. जळगावात ठिबक सिंचनाचे साहित्य तयार होते. साध्या ड्रिपरचा प्रवाह स्थूलमानाने दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. चाचणीत दाबमापक १.० दाखवीत असता प्रत्यक्ष दाब ०.९ असला, तर ताशी ४ लिटरचा ड्रिपर सुमारे ३.८ लिटरच पाणी देईल आणि निर्दोष माल सदोष ठरेल. दाबमापक ०.१ ने अधिक दाखवितो, हे प्रमाणपत्रात नमूद असतेच. परंतु ‘शोधन झाले’ या समजुतीने ते दप्तरी लावून ठेवल्यास चूक जेथल्या तेथेच राहते. नोंदलेला फरक वाचनातून वजा करणे हे यंत्र वापरणाऱ्याचे काम आहे, आणि नेमके तेच ही संज्ञा झाकून टाकते.

पडताळणी ही तिसरी क्रिया. धुळ्याच्या बाजारपेठेतील तराजूवर वैधमापन अधिनियम, २००९ अन्वये पडताळणी व मुद्रांकन होते. तेथे प्रश्न एवढाच, की चूक विहित मर्यादेच्या आत आहे की नाही. उत्तर होकारार्थी वा नकारार्थी. कॅलिब्रेशनचे उत्तर मात्र संख्येतच द्यावे लागते.

म्हणून तीन क्रियांना तीन संज्ञा असाव्यात : जुळवणी, पडताळणी आणि कॅलिब्रेशनसाठी ‘प्रमाणतुलना’. हा शब्द नवा वाटेल. परंतु जे घडते तेच तो सांगतो, अधिक काही सांगत नाही.

खानदेशातील भाषाभ्यासकास हा भेद अपरिचित नसावा. अहिराणीची प्रमाण मराठीशी तुलना करणे वेगळे आणि अहिराणी ‘शुद्ध’ करू पाहणे वेगळे. दाबमापकातील फरक ही चूक असते, अहिराणीतील फरक ही चूक नव्हे, हे खरे. तथापि दोन्ही ठिकाणी अभ्यासकाचे पहिले कर्तव्य फरक जसाच्या तसा नोंदविणे हेच होय.