तुकडे ३६००, गाड्या मात्र सहाच

"आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखणे" हा विषय पीएचडीसाठी बऱ्याच जणांना सोयीचा वाटतो. माईक मोबाइलमध्येच आहे, कोड तयार मिळतो, आणि शेवटी अचूकता ९८-९९ टक्के येते. या प्रकारच्या शोधनिबंधांत एक दुखणं पुन्हा पुन्हा दिसतं. ते आज जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या उदाहरणाने मांडतो.

पद्मिनी का? कारण तिचं इंजिन समजायला सोपं आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्यूटर. संगणक नाही, सेन्सर नाही. कुर्ल्यात बनलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीतूनही गेली. आता ती हौशी लोकांकडे उरली आहे, आणि चुकीच्या निदानावरून इंजिन खोललं तर खर्च होतोच, वर सुटे भागही सहज मिळत नाहीत.

आता समजा, आयडलिंगला टकटक येते आहे. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतं, म्हणजे क्रँक सेकंदाला साधारण १३.३ वेळा फिरतो. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे ६.७ वेळा. एक टॅपेट ढिला असेल तर टकटक सेकंदाला ६.७ वेळा येईल. पण पेट्रोल पंपही कॅमशाफ्टवरच चालतो. त्याची टिकटिकही ६.७ वेळाच! फक्त वारंवारता मोजून हे दोन वेगळे करता येत नाहीत.

चांगला मिस्त्री इथे नुसतं ऐकत बसत नाही, तो काहीतरी बदलून बघतो. रॉकर कव्हर काढून चालू इंजिनात एकेका टॅपेटखाली फिलर गेजची पट्टी सरकवतो. आवाज बंद झाला, तर तो टॅपेट सापडला. जड खटखट असेल तर एकेका प्लगची वायर काढतो. एखाद्या सिलिंडरला खटखट कमी झाली, तर संशय कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर जातो. क्लच दाबल्यावर घरघर बदलली तर रिलीज बेअरिंग. फॅन बेल्ट काढून क्षणभर चालवल्यावर आवाज गेला तर वॉटर पंप किंवा डायनामो. आपल्या भाषेत याला नियंत्रित प्रयोग म्हणतात.

आता निबंधांकडे या. समजा सहा गाड्या घेतल्या, तीन चांगल्या, तीन बिघडलेल्या. प्रत्येकीचं १० मिनिटं ध्वनिमुद्रण केलं आणि एकेका सेकंदाचे तुकडे पाडले. झाले ३६०० नमुने. ते पिसून ८० टक्के शिकवायला, २० टक्के तपासायला. इथेच घात होतो. एकाच गाडीचे तुकडे दोन्हीकडे गेले. मॉडेलला बिघाड ओळखायची गरजच उरली नाही, गाडी ओळखली की पुरे. एखादीचं आयडलिंग ७००, दुसरीचं ९००. एकीचं मुद्रण बंद शेडमध्ये झालं, दुसरीचं आमच्या घुग्घुसच्या रस्त्याकडेला, मागून कोळशाचे ट्रक जात असताना. मॉडेल ट्रकसुद्धा शिकतं! नमुने ३६०० नाहीत, सहाच आहेत.

हा दोष फक्त इंजिनापुरता नाही. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाची बेअरिंगची माहिती जगभर वापरतात. तिथे मुद्दाम दोष कोरलेली बेअरिंग वेगवेगळ्या भारावर चालवून कंपनं नोंदवली आहेत. बरेच जण एका भारावर शिकवतात आणि दुसऱ्यावर तपासतात, पण बेअरिंग तेच असतं. स्मिथ आणि रँडल यांनी २०१५ मध्ये हा सगळा साठा प्रस्थापित पद्धतींनी तपासला, तेव्हा काही नोंदींत दोष नीट सापडतच नव्हता. त्यामुळे त्याच साठ्यावर कुणी १०० टक्के दाखवले, तर आधी टाळ्या वाजवू नका. मॉडेल नेमकं काय शिकलं ते विचारा.

दुसरा आक्षेप लेबलचा. "टॅपेटचा बिघाड" हे कुणी ठरवलं? इंजिन खोलून, मोजमाप घेऊन, की मिस्त्रीच्या कानावरून? कानावरून असेल तर मॉडेल मिस्त्रीचं मत शिकतं, बिघाड नाही.

या कामात चांगलं काहीच नाही असं नाही. मोठ्या कारखान्यात एकाच यंत्राचा आवाज कालच्यापेक्षा आज बदलला का, हे माईक चांगलं सांगू शकतो. तो प्रश्न प्रामाणिक आहे. "कोणत्याही गाडीचा कोणताही बिघाड" हा दावा वेगळा, आणि त्याला पुरावाही वेगळा लागतो.

म्हणून या विषयावर प्रस्ताव लिहिताना तीन गोष्टी आधीच ठरवा. तपासणीसाठी अख्खी गाडी बाजूला ठेवा, तुकडे नाही. लेबल कसं पक्कं केलं ते लिहा. आणि एकाच गाडीत बिघाड घालून, काढून, पुन्हा मुद्रण करा. टॅपेट ढिला करा, ऐका, परत सेट करा, ऐका. अचूकता ९९ वरून ७० वर येईल कदाचित. ते ७० तुम्हाला व्हायव्हात वाचवतील.