'सॉल्ट' म्हणजे कोणता क्षार?

इंग्रजीतला 'सॉल्ट' हा शब्द वरवर साधा. जेवणातले मीठ हा त्याचा मूळ अर्थ. त्याचे लॅटिन भावंड 'साल'. त्यापासून 'सॅलरी', 'सॉस', 'सॅलड' हे शब्द आले. (रोमन शिपायांना पगार मिठाच्या रूपात मिळे, ही गोष्ट वर्गात रंगवून सांगितली जाते, तिला प्राचीन पुरावा नाही.) मुरलेल्या खलाशालाही इंग्रजीत 'सॉल्ट'च म्हणतात. पुढे रसायनशास्त्राने आम्ल व आम्लारी यांच्यापासून बनणाऱ्या संयुगांच्या साऱ्या कुळाला हे नाव दिले. मोरचूद, तुरटी, जिप्सम, सारी 'सॉल्ट'.

आपल्या पाठ्यपुस्तकांत या कुळाला 'क्षार' म्हणतात. ही निवड आम्हांला पटत नाही. आयुर्वेदातला क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेतून काढलेला दाहक पदार्थ, अर्थात अल्कली. आणि 'अल्कली' या शब्दाचे अरबी मूळही राखेशीच जाऊन भिडते. हिंदी पाठ्यपुस्तके 'सॉल्ट'ला सरळ लवण म्हणतात. मराठीत पापडखाराने जुना अर्थ जपला, 'खारट'ने मिठाचा उचलला, आणि वर पाठ्यपुस्तकाने तिसरा चढवला.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. कोऱ्हाळे बुद्रुकपासून खाली इंदापूरकडे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस आहे, पाणी आहे आणि पाण्यामागून येणारा जमिनीचा बिघाडही आहे. हॅरल्ड मान व ताम्हणे यांनी 1910 साली नीरा खोऱ्यातल्या या जमिनींवर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. तिच्या नावातही 'सॉल्ट' आहे. पण बिघाड दोन तऱ्हांचा असतो. एका जमिनीत विरघळलेल्या क्षारांचा नुसता साठा होतो, वर पांढरा थर दिसतो. चर काढून निचरा केला आणि चांगले पाणी भरपूर दिले, की ते धुऊन जातात. दुसरी चोपण. तिथे सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसतो, सामू 8.5च्या वर जातो, माती ओली असता चिकट आणि वाळली की दगड. पाणी मुरतच नाही. तिला जिप्सम लागते. त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकते, मग निचरा. चोपण नसलेल्या जमिनीवर जिप्समचा खर्च वाया, आणि चोपणीला नुसते पाणी देऊन ती सुधारत नाही. दोन्हींना 'क्षारांची जमीन' म्हटले की उपाय चुकतो. 'चोपण' हा शेतकऱ्याचा शब्द इथे पुस्तकी शब्दापेक्षा नेमका आहे.

चौकस मुलगी विचारील, "क्षारांनी बिघडलेल्या जमिनीत परत क्षारच का टाकायचा?" प्रश्न रास्त आहे. जिप्सम हाही क्षारच. उत्तर 'कोणता' या शब्दात आहे.

शिक्षकांनी हळदीचे दोन कागद घ्यावेत. एकावर मिठाचे पाणी टाकावे, दुसऱ्यावर पापडखाराचे. रसायनशास्त्राच्या लेखी दोन्ही क्षार, पण तांबडा होतो तो दुसराच कागद.