कथासमीक्षेतला 'अस्सल'

मराठी कथा-कादंबऱ्यांच्या परीक्षणांत 'अस्सल' हे विशेषण सर्रास वापरले जाते. अनुभव अस्सल, भाषा अस्सल, ग्रामीण चित्रण अस्सल. पुस्तकाच्या मलपृष्ठावर आणि कथास्पर्धेच्या परीक्षकांच्या अभिप्रायातही ते हमखास भेटते. व्यवहारात या शब्दाचा अर्थ पक्का आहे. दस्त अस्सल की नक्कल, हे सही-शिक्का पाहून ठरवता येते. कथेचा अस्सलपणा कशावरून ठरवायचा, हे मात्र परीक्षणात सहसा सांगितलेले नसते.

या संदिग्धतेला इतिहास आहे. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन'च्या (1931) काळात कथेची पारख मुख्यतः तंत्रावर होई. कथानकाची गुंफण, उत्कंठा आणि शेवटची कलाटणी यांना महत्त्व होते. बा. सी. मर्ढेकर यांनी 'वाङ्मयीन महात्मता'मध्ये (1941) आत्मनिष्ठेची कसोटी मांडली आणि लक्ष लेखकाच्या अनुभवाशी असलेल्या इमानाकडे वळले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने ठरीव साचे मोडले. पुढे दलित व ग्रामीण साहित्याने आजवर लिहिले न गेलेले जगणे समोर आणले. भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेचा आग्रह धरला. प्रत्येक टप्प्यावर 'अस्सल'ला नवा अर्थ चिकटत गेला, पण जुना गळून पडला नाही. त्यामुळे आज या एका शब्दात निदान चार अर्थ नांदतात.

पहिला अर्थ तपशिलाच्या खरेपणाचा. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तली (1955) माणदेशातली धनगरांची वस्ती, तिथली शाळा आणि दुष्काळ हे सारे माहितीच्या पातळीवर खरे वाटते. पण तेवढी माहिती एखाद्या अहवालातही मिळेल. कादंबरीचे बळ तिच्या रचनेत आहे. निवेदक हा बाहेरून आलेला तरुण मास्तर आहे. गाव त्याला जसजसे उलगडते तसतसे ते वाचकालाही उलगडते. म्हणूनच अखेरीस वस्ती उठते तेव्हा ते नुकसान वाचकाला स्वतःचे वाटते.

दुसरा अर्थ भोगलेपणाचा. लेखक जे जगला तेच त्याने लिहिले, म्हणून ते अस्सल, असा हा युक्तिवाद आहे. दलित लेखनाच्या वाट्याला हे कौतुक सर्वाधिक आले आणि याच कौतुकाने त्याच्या कलेकडे डोळेझाकही केली. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या 1963 साली प्रकाशित झालेल्या संग्रहातली शीर्षककथा पाहावी. रेल्वेच्या नोकरीवर आलेल्या निवेदकाची जात सहकाऱ्यांना ठाऊक नाही. वाचकाला मात्र ती लपवलेली आहे हे शीर्षकापासूनच कळलेले असते. त्यामुळे निवेदकाला मिळणाऱ्या आदराचा आणि जिव्हाळ्याचा प्रत्येक प्रसंग वाचताना भीती वाढत जाते. हा ताण लेखकाने योजून निर्माण केला आहे. कथेला नुसते 'भोगलेले' म्हटले की हे कौशल्य अदृश्य होते.

तिसरा अर्थ भाषेचा. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली (1960) वऱ्हाडी किंवा आनंद यादव यांच्या 'गोतावळा'तली (1971) कोल्हापूरकडची बोली ही त्याची ठळक उदाहरणे. 'गोतावळा'त शेतगडी नारबा सारी कादंबरी आपल्याच बोलीत सांगतो. जनावरांना तो गणगोत मानतो, आणि हे नाते त्या बोलीबाहेर उभेच राहिले नसते. येथे बोली ही पाहण्याची रीत झाली आहे. याउलट, संवादांत चार गावरान शब्द पेरायचे आणि निवेदनाची नजर मात्र शहरीच ठेवायची, असे जिथे होते तिथे बोली केवळ सजावट ठरते. 'भाषा अस्सल' हा शेरा दोन्ही प्रकारांना सारखाच मिळतो, ही समीक्षेची मोठी उणीव आहे.

चौथा अर्थ प्रत्ययाचा आणि तोच खऱ्या अर्थाने वाङ्मयीन आहे. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'पिंगळावेळ'मधल्या (1977) 'स्वामी' या कथेत एका प्रवाशाला अनोळखी मठात स्वामीपदावर बसवून कायमचे कोंडले जाते. असा मठ कुठल्या नकाशावर नाही. कथेला बोली नाही आणि असा अनुभव लेखकाने भोगलेला असणे शक्य नाही. पहिल्या तिन्ही कसोट्यांवर ही कथा नापास होईल. तरीही त्या कोंडवाड्यातला गुदमर वाचकाला क्षणभरही खोटा वाटत नाही. कारण त्या जगाचे नियम कथा स्वतः घालते आणि शेवटपर्यंत पाळते.

या चार अर्थांची गल्लत दोन्हीकडून नुकसान करते. खेड्यातून वा वंचित थरातून येणाऱ्या नव्या लेखकाला 'अस्सल' म्हणून पाठ थोपटली जाते, पण रचना कुठे सैल पडली हे कोणी सांगत नाही. कल्पिताकडे किंवा शहरी मध्यमवर्गाकडे वळणाऱ्या लेखकाची पानेही न तपासता त्याचे लेखन बेगडी ठरवले जाते. पहिल्या प्रकारात लेखकाची वाढ खुंटते, दुसऱ्यात त्याच्यावर अन्याय होतो.

तपशील, अनुभव आणि बोली हे कथेचे भांडवल आहे. त्यातून प्रत्यय उभा राहिला की नाही, हा समीक्षेचा प्रश्न आहे. शब्द टाकून देण्याची गरज नाही. परीक्षकाने तो वापरताना कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते सांगावे आणि कथेतला एखादा प्रसंग पुढे ठेवून ते दाखवून द्यावे. जिथे हे दाखवता येत नाही, तिथे 'अस्सल' हा शब्द लिहू नये.